कुंकू लागलेले पाटे

गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी ह्या घरात सून म्हणून आले तेव्हा दारात बैलगाडी होती. बैल बिघडला तर जनावरांचा डॉक्टर येतो, चाक बिघडलं तर सुतार येतो, एवढं ज्ञान मला पुरत होतं. पण दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे बरे झाले आणि आमचे मालक पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आले. आल्याला महिना झाला नसेल, तोवर सांगलीकडून एक ट्रक घेऊन आले. घेऊन आले म्हणजे दुसऱ्या ट्रकच्या मागं दोरखंडानं बांधून ओढत आणला. लष्करानं मोडीत काढलेला, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले, आणि पुढून डाव्या अंगाला बसका. अंगणात आला तो आमच्या तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा घेऊनच.

"ह्ये काय आणलंस?" मामंजी म्हणाले. मामंजी म्हणजे माझे सासरे. तेही फौजेतले, त्यांचे वडीलही फौजेतले, आमच्या गावात घरटी एक तरी माणूस वर्दीतला.

"ऊस वाहतुकीला हुईल," मालक म्हणाले. "धाकटा चालवंल. इंजन झ्याक हाय, आबा. नुसते पाटे गंजल्यात."

पाटे म्हणजे काय ते मला त्याच दिवशी कळलं. चाकाच्या वर, गाडीचं ओझं पेलायला, लोखंडाच्या वाकवलेल्या जाड पट्ट्या असतात. सगळ्यांत लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, अशी थप्पी. प्रत्येक पट्टीच्या मधोमध भोक असतं आणि त्यातून एकच बोल्ट आरपार जातो. ह्या थप्पीला टांगून धरणाऱ्या कड्या, पिना, आवळून धरणारे वाकडे बोल्ट, सगळं गंजून एक गोळा झालं होतं. कुठं पट्टी संपते आणि कुठं गंज सुरू होतो ते कळत नव्हतं. डावीकडचा मोठा पाटा तर मधोमध तडकला होता.

मामंजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरात कुणाला न इचारता आणलंस न्हवं? आता आईक. ह्ये भंगार सरळ उभं करून धाकट्याच्या हातात दिल्याबिगार पुन्ना वर्दीला हात लावायचा न्हाई. माझा सबूद हाय."

मामंजींचा शब्द हे काय प्रकरण होतं ते सांगायलाच हवं. माणूस सोन्यासारखा, पण तोंडातून एकदा निघालेलं परत घ्यायचं नाही ही खोड. एकदा साखर जास्त झाली म्हणून रागाच्या भरात "ह्या घरात च्या पिणार न्हाई" म्हणाले होते. तेव्हापासून रोज सकाळी कपबशी घेऊन शेजारच्या घरी जायचे. आमचाच चहा आत्ती शेजारी नेऊन द्यायच्या आणि हे तिथं बसून प्यायचे. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. ह्या दोघांच्या संसारात मी शहाणी राहिले हेच विशेष.

पुन्हा वर्दी घालायची वेळ येईल असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं. मी आपली खुशीत होते. का नसावं? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचा सहवास म्हणाल तर सुट्टीपुरता. माणूस दारात उभा राहिला की मी तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायची, "किती दिवसांची?" आणि त्यांनी सांगितलं की त्याच घटकेपासून मी बोटांवर दिवस मोजायला लागायची. आता पेन्शन झाली, आता नाही कुणाला विचारायचं, असं मी स्वतःला रोज सांगत होते.

आणि गौरी-गणपती झाल्यावर मामंजी एक दिवस हसत हसत घरी आले. त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या सुभेदारानं काम केलं होतं. फौजेतून निघालेल्यांना पहाऱ्याच्या कामावर परत घेत होते, आसामकडं कुठंतरी. मालकांचं नाव लागलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेहून आगगाडी धरायची. नेमल्या तारखेला हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार.

"दसऱ्याला शिलंगण, आन दुसऱ्या दिशी कूच. ह्याच्यापेक्षा चांगला म्हूर्त कंचा?" मामंजी म्हणाले.

मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बरं हाय आबा." एवढंच. मग उठले आणि गाडीखाली जाऊन झोपले. म्हणजे काम करायला हो. पण मला त्या क्षणी ते झोपल्यासारखेच दिसले, नुसते दोन पाय बाहेर.

त्या दिवसापासून माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो दसऱ्यापर्यंत. म्हणजे बघा, गाडी सरळ उभी राहिली की हा माणूस जाणार. नाही राहिली तर मामंजींच्या शब्दापायी अडकणार. आणि गाडी उभी करायला हाच माणूस सकाळपासून अंधार पडेपर्यंत लोखंडाशी झुंजतोय! मला वाटायचं, एवढी कसली ओ घाई? घरात काय काटे टोचतात? वर्षानुवर्षं मी एकटीनं रेटलं ते काय तुम्ही परत आसामला जावं म्हणून? हे सगळं मी मनात म्हणायची आणि हातात पाना द्यायची.

कारण मदतीला मीच. धाकटे दीर कारखान्यात कामाला, ते फक्त रविवारी. मामंजी अंगणातल्या बाजेवर बसून हुकूम सोडायचे. आत्ती गाडीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या, राकेलचा वास त्यांना सहन होत नव्हता. राहिले मी. माझं माहेर शिराळ्याचं. नागपंचमीला आमच्या दारात माणसं हातात नाग घेऊन उभी राहायची, तिथली मी. ह्या गंजक्या लोखंडाला काय भिणार?

गंज काढणं म्हणजे मात्र खरंच नाकी नऊ येणं. आधी प्रत्येक बोल्टवर राकेल सोडायचं, मग दोन दिवस नुसतं थांबायचं. मग पान्याला लांब नळी घालून दोघांनी लोंबकळायचं. बोल्ट काही फिरत नाही, पाना मात्र वाकतो. शेवटी छन्नी धरायची मी आणि घण घालायचे मालक. पहिल्या घावाला मी डोळे मिटले तर म्हणाले, "डोळं उघडं ठेव. मिटल्यावं हात हलतो."

"आन माझ्या हातावं बसला तर?"

"मग भाकरी म्या थापीन."

असं बोलायचे. एवढं बरं बोलता येत होतं, मग जे बोलायला पाहिजे ते का बोलत नव्हते?

एकेक पाटा सुटा झाला की ते त्याच्यावर खडूनं लिहायचे. डाव्या अंगाचे 'डा', उजव्या अंगाचे 'उ'. दोन्ही बाजूंचे पाटे दिसायला सारखे, पण उजवीकडं ड्रायव्हर बसतो, डिझेलची टाकी तिकडं, म्हणून तिकडचे पाटे जरा जास्त जाड आणि जास्त कमानीचे. एकमेकांत मिसळले की गाडी एका अंगाला कलणार. हे मला त्यांनी नीट समजावून सांगितलं. मला समजलं ते एवढंच, की माझी डावी आणि गाडीची डावी वेगळी. मी गाडीच्या तोंडासमोर उभी राहून "डावीकडचा देऊ?" विचारायची आणि ते गाडीखालून ओरडायचे, "गाडीची डावी! तुजी न्हवं!" मग मी गाडीकडं पाठ करून उभी राहायची, डावा हात वर करायची, तो हात तसाच धरून वळायची, तोवर कुठला हात वर केला होता तेच विसरायची. आत्ती सोप्यातून म्हणायच्या, "काय गं, कवायत करतीस व्हय?"

विटेनं आणि राकेलनं घासून पाटे स्वच्छ झाले. तडकलेला पाटा मोडीत गेला. आता नवा मोठा पाटा, नव्या कड्या, पिना, बोल्ट आणायला हवे होते. त्यासाठी मालक एस.टी.नं सांगलीला गेले. आणि इथं मला दुसरा घोर लागला.

पाटा बरोबर आला. बोल्ट बरोबर आले. पिना आल्या त्या बोटभर जाड. कड्यांत जाईनात. ह्या माणसानं सगळी नोकरी पलटणीच्या मोटारींखाली काढली. त्यांच्या साहेबांची जीप बंद पडली की दुसऱ्या छावणीतून ह्यांना बोलावणं यायचं, असं मामंजी गावभर सांगायचे. आणि हा माणूस पिनेचं माप चुकतो?

"जुनी पिन नमुन्याला न्हेली न्हवती?" मी विचारलं.

"इसरलो."

परत सांगली. ह्या वेळी पिना आल्या त्या बारीक. पिना भोकात खुळखुळत होत्या. मामंजींनी कपाळाला हात लावला. "आरं, मोटारीचं काम करत व्हतास का चराट वळत व्हतास?" मालक पिना खिशात टाकून तिसऱ्यांदा सांगलीला गेले. जाताना मला म्हणाले, "हळद आणू का? सांगलीची चांगली असती."

मला काही कळेना. तळपायाची आग मस्तकाला गेली खरी, पण राग नेमका कशाचा ते सांगता आलं नसतं. हे काम लांबतंय म्हणून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून लाज वाटायची. शिवाय ते काही मुद्दाम लांबवतायत असंही दिसत नव्हतं. परत आले की पुन्हा गाडीखाली, पुन्हा हाताला फोड. मुद्दाम लांबवणारा माणूस असा मरमर मरतो का? एकदा वाटायचं ह्यांना जायचंय. एकदा वाटायचं ह्यांना आता पहिल्यासारखं काम जमत नाही, म्हातारपण लागलं. हा विचार तर जाण्याच्या विचारापेक्षाही वाईट होता.

एक दिवस न राहवून विचारलंच. मामंजी चहाला शेजारी गेले होते. मी म्हटलं, "आवं, खरं सांगा. तुमास्नी जायाचं हाय का ऱ्हायाचं हाय?"

गाडीखालचा पाना थांबला. मग म्हणाले, "आबांनी सबूद टाकलाय त्या सुभेदाराकडं. म्या न्हाई म्हणलो तर उद्या चावडीवं बसता यील का त्यांना? लोक म्हंत्याल, पोरगं भ्यालं." मग गाडीखालून हात बाहेर काढून म्हणाले, "धाव्वा पाना दे."

दहा नंबरचा पाना दिला. ह्यातून मी काय समजायचं? जायचंय म्हणाले नाहीत, राहायचंय म्हणाले नाहीत. मी रागारागानं आत गेले आणि त्यांची काळी ट्रंक काढून पुसायला घेतली. भरतेच एकदाची, म्हटलं. जाऊ दे. गेलेल्या माणसाची सवय आहे आपल्याला.

शेवटी पिना बरोबर आल्या, आणि तोवर खंडेनवमी तोंडावर आली.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड देवापुढं मांडतात. कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, मामंजींची जुनी संगीन. त्या दिवशी त्यांना हळद-कुंकू वाहायचं आणि कुणी कशाला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून ठेवायचं हे आत्तींचं काम, आणि त्यात त्या कुणाला बोट लावू देत नव्हत्या. त्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेले होते, मालक धाकट्या दिरांना घेऊन जॅक आणायला बाहेर. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर अंगण रिकामं. पाटे नाहीत, कड्या नाहीत, काही नाही.

"आये, पाटं कुठं गेलं?" मालकांनी विचारलं.

"देवापुढं," आत्ती मोठ्या समाधानानं म्हणाल्या. "लोखंडच हाय न्हवं? उद्या तुजं पोट त्येच्यावंच हाय. पर राकेलाचा वास घिऊन देवापुढं कसं ठिवायचं रं? चिंच-राखंनं लख्ख घासलं. हात दुखलं माजं."

आत जाऊन पाहिलं तर देव्हाऱ्यापुढं घटाच्या शेजारी सगळे पाटे ओळीनं मांडलेले. दोन्ही अंगांचे एकत्र, मोठ्यापासून लहानापर्यंत, मांडणीवर ताटं लावतात तसे. आणि खडूचं एक अक्षर शिल्लक नाही. 'डा' नाही की 'उ' नाही.

मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. ज्यांना घडी विस्कटलेलं कांबळं खपत नव्हतं, जेवताना तांब्या जागेवरून हलला तर बोलायचे, त्यांचं महिन्याभराचं काम आत्तींनी चिंचेनं धुऊन टाकलं होतं. मी मधे पडायच्या तयारीत उभी राहिले.

मालक हसले. अगदी पोट धरून नव्हे, पण चांगले मोकळे हसले. "झ्याक दिसत्यात गं आये," म्हणाले. "आता वळखायचं कसं?"

"मापानं लाव की! म्या लावल्यात तसं," आत्ती म्हणाल्या.

"व्हय, मापानं लावतो."

मी बघतच राहिले. हा माणूस मला कधी कळणार होता? इतक्या वर्षांत एवढ्याशा सुट्ट्यांत मी ओळखलं तरी काय ह्यांना?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाली. आत्तींनी प्रत्येक पाट्याच्या मधोमध, भोकाशेजारी, हळद-कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं. त्या दिवशी कामाला सुट्टी. दसऱ्याला सकाळीच मालक आणि दीर कामाला लागले. मी पुरणात अडकले होते. दुपारपर्यंत दोन्ही थप्प्या जुळवून बसवल्या, चाकं घातली, जॅक काढला. मामंजी डोक्याला फेटा बांधून, फेट्यात घटाचं धान खोवून शिलंगणाला निघायच्या तयारीत होते. सगळे अंगणात आले.

गाडी खाली टेकली आणि उजवीकडं कलली.

मामंजींनी परात मागवली. पाणी भरून गाडीच्या टपावर ठेवली. सगळं पाणी उजव्या काठाला आलं आणि तिथून ओघळ काचेवरून खाली, पुढं बांधलेल्या झेंडूच्या हारावर. मामंजींनी गाडीकडं बघितलं, आत्तींकडं बघितलं, मग पोराकडं.

"ह्याला सरळ म्हंत्यात व्हय?"

"पाटं मिसळलं आबा. पुन्ना खोलाय पायजे."

"मग खोल! उद्या सांजच्याला गाडी धरायची हाय का न्हाई?"

"खोलतो की."

शिलंगण झालं. लोकांनी सोनं लुटलं, आपट्याची पानं देऊन एकमेकांच्या पाया पडले. जो तो मालकांना विचारत होता, उद्या निघणार ना? ते मान हलवत होते. मी ट्रंकेत लाडू भरले, गरम बंडी भरली, सांगलीची हळदही थोडी पुडीत बांधून घातली. परमुलखात काय मिळतं, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दीर कामावर गेले आणि मदतीला परत मी. ट्रंक सोप्यात दाराशी आणून ठेवलेली. मामंजी बाजेवर, तोंड आमच्याकडं करून. थप्प्या सोडवून सगळे पाटे अंगणात पसरले. मालक म्हणाले, "पुसून दे एकेक. कुकू-बिकू ऱ्हायला नको, सरकतं त्यानं."

मी फडकं घेऊन बसले. कुंकू तेलात भिजून बसलेलं, निघता निघेना. एक पाटा पुसला. मधल्या भोकाशेजारी लाल ठिपका राहिला. जोरानं पुसला, तरी राहिला. नखानं टोकरला तर कळलं, लोखंडालाच बारीक खळगा आहे आणि त्यात कुंकू बसलंय. कुणीतरी टोकदार लोखंडी पंच ठोकून पाडलेला खळगा. दुसरा पाटा घेतला. त्याच्यावर दोन खळगे, शेजारी शेजारी. तिसऱ्यावर एक. चौथ्यावर दोन. मोडीत गेलेल्याच्या जागी आलेल्या नव्या कोऱ्या पाट्यावरसुद्धा एक.

नव्या पाट्यावर जुनी खूण कुठून येईल? ही ह्याच अंगणात मारलेली खूण होती.

एक म्हणजे डावी, दोन म्हणजे उजवी. किंवा उलट असेल, माझी डावी आणि गाडीची डावी ह्यात माझा गोंधळ होताच. पण खूण होती. खडू धुऊन गेला तरी पंचाची खूण जात नाही. हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांनीच मारली होती. मग कालची थप्पी? काल एका थप्पीत एकाचे आणि दोनाचे मिसळले कसे? घाईत दिसलं नसेल? का हात लावून कळलं असेल, आणि तरीही?

मामंजी समोर. बोलायची सोय नाही. मालक उकिडवे बसून उभ्या सळईत पाटे ओवत होते. सगळ्यांत लांब आधी, मग त्याच्याहून आखूड. आताच्या थप्पीत दोन खुणांचे चालले होते. अगदी बरोबर. नजर सळईवर, हात माझ्याकडं पुढं केलेला.

"फुडचा दे."

माझ्यापुढं त्या मापाचे दोन पाटे. एकावर एक लाल ठिपका, दुसऱ्यावर दोन. मी एक ठिपकावाला उचलला आणि त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो घेतला. भोक सळईवर धरायला अंगठा मधोमध नेला आणि अंगठा थांबला. खळग्यावरून एकदा फिरला, परत एकदा फिरला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा गाडीखालून नव्हे, पान्याकडं बघत नव्हे, नीट माझ्या तोंडाकडं बघितलं. मला हसू येत होतं की रडू, ते मलाच कळत नव्हतं.

"ह्योच का?" ते हळू आवाजात म्हणाले.

"ह्योच," मी म्हटलं.

पाटा खणकन सळईत बसला.

"काय झालं रं?" मामंजींनी बाजेवरून विचारलं.

"काय न्हाई आबा. मापानं लावतोय."

त्यानंतर मी त्यांना एकेक पाटा निवडून दिला. अंगठा दर वेळी ठिपक्यावर जायचा आणि पाटा गुमान सळईत जायचा. मी जन्मात इतकं मन लावून काम केलं नव्हतं.

उन्हं कलायच्या सुमाराला गाडी जॅकवरून खाली आली. उजवीकडंच कलली, कालच्यापेक्षा बोटभर जास्तच. मामंजी स्वतः उठले. परात भरून टपावर ठेवली, आणि पाणी कुठं जातंय ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी गाडीकडं न बघता आधी पोराच्या काळ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या. माझी बोटं तेल आणि कुंकवानं लाल झाली होती. ती मी पदराखाली घेतली.

"सरळ न्हाई," मामंजी म्हणाले.

"न्हाई," मालक म्हणाले.

"मग माजा सबूद काय व्हता?"

"सरळ उभी केल्याबिगार वर्दीला हात लावायचा न्हाई."

मामंजींनी परातीतलं पाणी तुळशीला ओतलं. "सुभेदाराला सांगावा धाडतो मग," म्हणाले. "सबूद त्यो सबूद. सूनबाई, ती ट्रंक आत घ्या." आणि कपबशी घेऊन शेजारी चहाला गेले. त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, ह्याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

मी ट्रंक आत नेली. लाडू काढून डब्यात भरले.

ती गाडी पुढं किती हंगाम ऊस ओढत होती. दीर चालवायचे, मालक शेजारी बसायचे, पुढं पुढं उलट झालं. गाडी कायम उजवीकडं कललेली. पाटे झिजले, नवे घातले, पिना बदलल्या, पण सरळ म्हणून कधी उभी केली नाही. कारखान्याच्या रांगेत कुणीतरी हटकायचंच, की आवं, गाडी कललीया, ध्यान हाय का तुमचं? मालक खिडकीतून हात बाहेर काढून, पत्र्यावर थाप मारून सांगायचे, "दुरुस्ती चालू हाय."